वारा पडला, पण डोंगर अजून ओला आहे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पश्चिम पॅसिफिक महासागरात टायफून उठला की मराठी दैनिकांत त्याची बातमी बहुतेक ठरावीक साच्यात येते. वाऱ्याचा ताशी वेग, वादळ किनाऱ्याला कोठे आणि केव्हा धडकणार, किती विमाने रद्द झाली, किती लोकांना हलवले, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर एका लहानशा चौकटीत ‘वादळाचा जोर ओसरला, धोका टळला’. तेथे बातमी संपते. माझी तक्रार या शेवटच्या वाक्यातल्या स्वल्पविरामाबद्दल आहे. त्याच्या अलीकडचे विधान बहुधा खरे असते. पलीकडचे डोंगराळ मुलखापुरते तरी बरेचदा खोटे ठरते. उतारांची स्थिरता हा विषय मी बरीच वर्षे शिकवला असल्यामुळे हे वाक्य वाचताना दर वेळी अडखळतो, आणि या वेळी लिहायचेच असे ठरवले.

२०२४ सालचे यागी हे वादळ घ्या. ७ सप्टेंबरला ते उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर आले. गेल्या कित्येक दशकांत त्या देशाने इतके जबर वादळ पाहिले नव्हते. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा झपाट्याने मंदावला, मात्र त्याने समुद्रावरून ओढून आणलेली वाफ संपली नव्हती. ती पुढचे दोन-तीन दिवस आतल्या भागात, चीनच्या सीमेकडच्या डोंगररांगांवर रिती होत राहिली. लाओ काय प्रांतातले लांग नू हे खेडे चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली गेले ते १० सप्टेंबरच्या सकाळी, म्हणजे वादळ किनाऱ्याला लागून तीन दिवस उलटत आल्यावर. एका गावातून साठच्या आसपास माणसे गेली. यागीने व्हिएतनाममध्ये तीनशेहून अधिक बळी घेतले, आणि त्यांतले बहुतेक दरडींनी व अचानक आलेल्या पुरांनी घेतलेले होते. वाऱ्याचा वेग छापणाऱ्या बातमीतून वाचकाला याचा अंदाज कोठून यावा?

तैवानचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑगस्ट २००९ मध्ये त्या बेटावर मोराकोट नावाचे वादळ आले. (जाता जाता सांगतो, हे नाव थायलंडने सुचवलेले असून तो आपलाच ‘मरकत’, म्हणजे पाचू. या वादळाने केलेल्या हानीनंतर नाव वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचे काढले गेले आणि त्याच्या जागी आले ‘अत्सानी’, तेही थाईच, म्हणजे आपले ‘अशनि’, वज्र. यादी करणाऱ्यांनी जाणून केले नसेल, पण पाचूच्या जागी वज्र आले.) वाऱ्याच्या दृष्टीने मोराकोट काही अजस्र नव्हते, तैवानच्या हवामान खात्याच्या वर्गवारीत ते ‘मध्यम’ होते. घात केला तो त्याच्या संथ चालीने. ते बेटावर रेंगाळले, नैऋत्येकडचा मोसमी प्रवाह त्याने स्वतःकडे खेचून घेतला, आणि ती सगळी वाफ जवळजवळ चार हजार मीटर उंचीच्या मध्य पर्वतरांगेवर जाऊन आदळली. डोंगराने अडवलेली हवा वर चढते, चढताना थंड होते, आणि थंड हवेला जेवढी वाफ पेलवत नाही तेवढी ती जागीच टाकते. अलीशान येथे चोवीस तासांत १,६२३ मिलिमीटर आणि अठ्ठेचाळीस तासांत २,३६१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. चोवीस तासांच्या पावसाचा जागतिक विक्रम रियुनियन बेटाच्या नावावर आहे, तो १,८२५ मिलिमीटरचा. मिलिमीटर हा आकडा कागदावर निर्जीव वाटतो, म्हणून हिशेब करून पाहावा: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. अलीशानच्या प्रत्येक चौरस मीटरवर एका दिवसात सोळाशे लिटरांहून अधिक पाणी पडले.

या पावसात दक्षिण तैवानमधले शियाओलिन हे गाव नाहीसे झाले. ९ ऑगस्टच्या सकाळी सहाच्या सुमारास गावामागच्या डोंगराची एक अख्खी बाजू सुटली. सुमारे अडीच कोटी घनमीटर दगडमाती खाली आली. तिने गावाचा मोठा भाग गाडला, पलीकडे जाऊन चिशान नदीचे पात्र अडवले, आणि साचलेल्या पाण्याने तो कच्चा बांध थोड्याच वेळात फोडून उरलेल्या घरांवरून वाट काढली. या एका गावातले साडेचारशेहून अधिक लोक गेले; संपूर्ण वादळाचे मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे सातशे. पण मला ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे ती तारखांत आहे. वादळाचा केंद्रभाग ७ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास तैवानला लागला आणि ८ तारखेच्या दुपारी बेट सोडून सामुद्रधुनीत उतरला. म्हणजे शियाओलिनवर डोंगर आला त्या क्षणी, नकाशावरच्या भोवऱ्याच्या चिन्हाप्रमाणे पाहिले तर, वादळ तैवानमधून निघून गेलेले होते.

हे असे का होते ते समजण्यासाठी मूठभर वाळू पुरेशी आहे. कोरडी वाळू टेबलावर सोडली तर तिचा ढीग तीस-पस्तीस अंशांच्या कोनाचा होतो. त्याहून उभा राहत नाही, कण घरंगळतात. तीच वाळू थोडी ओली केली की तिची उभी भिंत रचता येते, कारण कणांच्या सांध्यांत अडकलेले पाण्याचे बारीक पडदे कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. आणि त्याच भिंतीवर तांब्याभर पाणी हळूहळू ओतले की ती पायाकडून फुगते आणि बसते. पाणी तेच. थोडे असताना ते बांधून ठेवत होते, पोकळ्या भरून वाहू लागल्यावर त्यानेच सोडवले. डोंगरउतारावरची माती बहुतेक वर्ष या मधल्या, ओलसर अवस्थेत असते, आणि म्हणूनच कोरड्या ढिगाला पेलणार नाही इतक्या उभ्या कोनातही ती शतकानुशतके तग धरून असते.

विद्यार्थ्यांना ‘पावसात दरड का कोसळते?’ असे विचारले की दोन उत्तरे हमखास मिळत: पाण्याने माती जड होते, आणि पाणी वंगणासारखे काम करते. वृत्तपत्रांतही हीच दोन कारणे छापून येतात. पहिल्यात थोडे तथ्य आहे, पण उतारावरचे वजन वाढले की घसरवणारा जोर वाढतो तसाच मातीला तळावर दाबून धरणारा भारही वाढतो, त्यामुळे नुसत्या वजनाने फारसे बिघडत नाही. दुसरे तर चुकीचेच आहे. पाणी हे वाळू-दगडाचे वंगण नव्हे. खरी गोष्ट कार्ल टर्झागी या अभियंत्याने गेल्या शतकाच्या विशीत मांडली. मातीचे वजन कण कणावर टेकून पेलतात आणि त्या टेकण्यावरच घर्षण अवलंबून असते. पोकळ्या पाण्याने भरल्या आणि त्या पाण्यावर दाब आला, की वजनाचा काही हिस्सा पाणी स्वतःवर घेते. कण तेवढ्या प्रमाणात हलके होतात, एकमेकांवरचा दाब सैल होतो, घर्षण घटते. उताराचा कोन तोच, माती तीच, वजन जवळपास तेच. फक्त पकड गेली.

हा दाब तयार होण्याची जागा बहुधा एकच असते: वरची सैल, पाणी पिणारी माती संपून खालचा घट्ट कातळ जेथे सुरू होतो ती सांध्याची पातळी. वरून मुरलेले पाणी तेथे येऊन अडते आणि उताराच्या दिशेने सरकू लागते. डोंगराला जेथे खोलगट घळ असते तेथे दोन्ही बाजूंचे पाणी एकत्र येते, म्हणून बहुतेक दरडींची सुरुवात अशा घळींच्या माथ्याला होते. माती मुळात भुसभुशीत असेल तर सरकण्याच्या पहिल्या धक्क्यातच तिच्या पोकळ्या आवळल्या जातात, आतल्या पाण्याला जायला वाट नसते, दाब एकदम उसळतो, आणि घन असलेला उतार बघता बघता ओल्या काँक्रीटसारखा वाहू लागतो. हा लोंढा ओढ्याच्या पात्रात उतरला की वाटेतली माती, झाडे, दगड उचलत मोठा होत जातो. मोठमोठे धोंडे त्याच्या तोंडाशी तरंगत असल्यासारखे पुढे येतात, आणि घरांची पडझड मुख्यतः या धोंड्यांनी होते.

आता घड्याळाकडे येतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यावर आहे. मातीचा थर मीटर-दोन मीटरचा असेल तर पाणी तळापर्यंत पोहोचायला काही तास पुरतात. अशा उथळ दरडी पावसाच्या सर्वांत जोरदार तासात किंवा त्याच्या पाठोपाठ सुटतात. पण सरकण्याची पातळी कित्येक मीटर, कधी शंभर मीटर खाली, फुटलेल्या खडकात असेल, तर तेथपर्यंत दाब पोहोचायला दिवस लागतात. आकाश निवळलेले असते, रस्ते वाळलेले असतात, आणि डोंगराच्या पोटात पाणी अजून चढतच असते.

फिलिपिन्समधील दक्षिण लेते प्रांतातल्या गिनसौगोन गावाने याची किंमत मोजली. फेब्रुवारी २००६ मध्ये तेथे कित्येक दिवस मुसळधार पाऊस झाला. तो एखाद्या टायफूनचा पाऊस नव्हता हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण डोंगराला पाण्याचे नाव-गाव विचारण्याची सवय नाही. दरडीच्या भीतीने लोक आधी गाव सोडून गेले होते. पाऊस कमी झाला, ऊन पडले, तसे त्यांतले अनेकजण परतले. १७ फेब्रुवारीच्या सकाळी, शाळा भरलेली असताना, पावसाचा मोठा जोर ओसरून चारेक दिवस झाल्यावर, गावावरचा कडा सुटला. अकराशेच्या वर माणसे गेली आणि त्यांत त्या प्राथमिक शाळेची दोनशेहून अधिक मुले होती. त्याच सकाळी त्या भागात एक हलका भूकंप नोंदला गेला होता आणि त्याचा वाटा किती यावर तज्ज्ञांत चर्चा झाली. परंतु डोंगर आधीच्या पावसाने तयार होऊन बसला होता याबद्दल फारसा वाद नाही. ‘आता ऊन पडले, चला घरी’ हा निर्णय कोणीही शहाण्या माणसाने घेतला असता. तो चुकीचा आहे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते, इतकेच.

जपानमध्ये या विलंबाचा हिशेब ठेवण्याची एक रीत आहे आणि ती मला फार आवडते, कारण ती शाळकरी मुलालाही समजेल. तेथील हवामान संस्था जमिनीतल्या पाण्याचा एक निर्देशांक काढते. कल्पना अशी की एकावर एक अशा तीन टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकीला बाजूला व तळाला भोके आहेत. पाऊस पहिल्या टाकीत पडतो. बाजूच्या भोकांतून जे बाहेर पडते ते जमिनीवरून वाहून जाणारे पाणी. तळाच्या भोकातून दुसऱ्या टाकीत उतरते ते मुरलेले पाणी. तेथून तिसरीत जाते ते खोल भूजल. तिन्ही टाक्यांत या क्षणी मिळून किती पाणी आहे, हा तो निर्देशांक. पाऊस थांबला की वरची टाकी लवकर रिकामी होते, पण खालच्या दोन भरलेल्याच राहतात. एक किलोमीटरच्या चौकोनांत देशभराचा हा हिशेब केला जातो, आणि त्या चौकोनाच्या पूर्वीच्या नोंदींशी ताडून दरडीच्या धोक्याची सूचना हवामान संस्था आणि प्रांतिक प्रशासन मिळून देतात. वाऱ्याचा वेग या हिशेबात कोठेही येत नाही.

तैवानमध्येही अशीच, पण वेगळ्या धाटणीची रीत आहे. चिखल-दगडांचे लोंढे येऊ शकतील असे सतराशेहून अधिक ओढे तेथे क्रमांक देऊन नोंदवलेले आहेत. प्रत्येक भागासाठी पावसाची एक मर्यादा ठरलेली असते, साधारण २०० ते ६०० मिलिमीटरच्या दरम्यान. या मर्यादेशी तुलना करताना केवळ चालू पाऊस धरत नाहीत, मागच्या सात दिवसांचा पाऊसही कमी कमी भावाने धरतात: आदल्या दिवसाचा सत्तर टक्के, त्याच्या आदल्या दिवसाचा त्या सत्तर टक्क्यांचे सत्तर टक्के, असे मागे मागे. म्हणजे काल ३०० मिलिमीटर पडून गेला असेल तर आज आभाळ कोरडे असतानाही खात्यावर २१० मिलिमीटर जमा असतात. पावसाचा अंदाज मर्यादा ओलांडणारा असेल तर पिवळी सूचना, प्रत्यक्ष पाऊसच ओलांडू लागला तर लाल. आणि ही मर्यादा दगडावरची रेघ नाही. २१ सप्टेंबर १९९९ च्या चीची भूकंपाने मध्य तैवानचे डोंगर खिळखिळे केले, तेव्हा पूर्वी ज्या पावसात काही होत नसे त्याच्या कितीतरी कमी पावसात दरडी येऊ लागल्या. २००१ च्या तोराजी वादळात दोनशेहून अधिक लोक मृत वा बेपत्ता झाले. मर्यादा खाली आणावी लागली, आणि सैल माती वाहून गेल्यावर व झाडी पुन्हा वाढल्यावर ती हळूहळू वर नेता आली.

परंतु गणित बरोबर असून माणसे जातात, हेही लिहिले पाहिजे. १६ ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे विफा वादळाच्या पावसात जपानच्या इझु ओशिमा बेटावर चोवीस तासांत ८२४ मिलिमीटर पाऊस झाला, एका तासाचा आकडा १२० च्या वर गेला. ते बेट ज्वालामुखीचे. घट्ट लाव्ह्यावर राखेचा पातळ थर. वर सांगितलेल्या सांध्याच्या पातळीचे याहून साधे चित्र मिळणार नाही. राख विस्तृत उतारावरून सालीसारखी सुटली आणि छत्तीस माणसे मेली, तिघे सापडले नाहीत. दरडीच्या धोक्याची सूचना आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारासच निघालेली होती. नगराध्यक्ष आणि उपनगराध्यक्ष दोघेही बेटाबाहेर होते. घरे सोडण्याचा आदेश निघालाच नाही. अंधारात व पावसात लोकांना बाहेर काढणे अधिक धोक्याचे वाटले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर सुरू झालेला सर्वोच्च पातळीचा ‘विशेष इशारा’ही देता आला नाही, कारण त्याची अट पाऊस विस्तृत प्रदेशावर असण्याची होती आणि बेट पडले लहान. तीन टाक्यांचे पाणी कोणीतरी अचूक मोजले होते. दार ठोठावायला कोणी गेले नाही.

जुन्या माणसांना हे गणित येत नव्हते, तरी काही खुणा ठाऊक होत्या, आणि त्या आजही जपानी प्रशासन छापून वाटते: झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, आजवर कधी नव्हता तेथे उमाळा फुटणे, झाडे कलणे, डोंगरातून गुरगुर ऐकू येणे, कच्च्या मातीचा उग्र वास सुटणे. यांतली एक खूण मला सर्वांत भीतिदायक वाटते, कारण ती दिलासा देणारी दिसते. पाऊस तसाच चालू असताना ओढ्याचे पाणी अचानक उतरते. वाटते, पूर ओसरला. खरे तर वर कोठे तरी दरड आडवी पडून पाणी तुंबलेले असते आणि तो बांध फुटायचा बाकी असतो. जपानच्या किई द्वीपकल्पातल्या तोत्सुकावा खोऱ्याने हा प्रकार दोनदा पाहिला. ऑगस्ट १८८९ मधल्या वादळी पावसात तेथे इतक्या दरडी आल्या आणि नद्या इतक्या ठिकाणी तुंबल्या की सुमारे अडीच हजार माणसांनी ते खोरेच सोडले, होक्काइदोला जाऊन नवे गाव वसवले आणि त्याला ‘शिन-तोत्सुकावा’, म्हणजे नवे तोत्सुकावा, असे नाव दिले. सप्टेंबर २०११ मध्ये तालास वादळ सायकलच्या गतीने त्याच भागावरून गेले, कामिकितायामा येथे एकूण १,८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, आणि त्याच डोंगरांत पुन्हा खोल दरडी सुटून पुन्हा तळी तुंबली.

चुकीच्या खुणेवर भरवसा ठेवल्याने काय होते, तेही फिलिपिन्सने पाहिले आहे. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर नाल्गे वादळाच्या पावसात मागिंदानाओ देल नोर्ते प्रांतातल्या कुसियोंग या किनाऱ्यालगतच्या गावात धोक्याची घंटा वाजली. त्या भागाने १९७६ ची त्सुनामी भोगलेली; समुद्राच्या लाटेसाठी तेथे वर्षानुवर्षे सराव होत आलेला. गडगडाट ऐकून अनेकांना वाटले की समुद्र येतो आहे, आणि शिकवल्याप्रमाणे ते उंचावरच्या चर्चकडे धावले. लोंढा डोंगराकडून आला. ज्या दिशेला सुरक्षितता असते असे त्यांना शिकवले होते, नेमके त्याच दिशेने. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेगी वादळाने फिलिपिन्समध्ये, मुख्यतः लेते बेटावर, दोनशेहून अधिक बळी घेतले होते. त्या वादळाचा कमाल वारा होता ताशी अवघा ७५ किलोमीटर. वाऱ्याच्या तक्त्यात ते तळाशी बसते. एवढ्याशा वाऱ्याची बातमी आपल्याकडे कोणी छापतही नाही. पण ते जागच्या जागी घुटमळत राहिले आणि बायबाय शहराभोवतीचे उतार एकामागून एक सुटले.

उपाय नाहीत असे नाही. हाँगकाँगमध्ये २५ ऑगस्ट १९७६ रोजी एलन वादळाच्या पावसात साउ माउ पिंग येथील भरावाचा उतार वितळल्यासारखा वाहून आला आणि अठरा माणसे गेली. चारच वर्षांपूर्वी, जून १९७२ मध्ये, त्याच वसाहतीत अशाच पावसाने ७१ जणांचा जीव घेतला होता. चौकशीत निघाले ते अगदी साधे: भरावाची माती नुसती लोटली होती, थराथराने ठोकून घट्ट बसवली नव्हती. सैल मातीने पाणी प्यायले आणि वर सांगितले तसा आतला दाब उसळला. पुढच्याच वर्षी तेथे उतारांवर देखरेख करणारे स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले. आज तेथील सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतारांची नोंद आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकाची पाटी उतारावरच लावलेली असते, जशी घराला असते. उतारांत पाणी काढून टाकणाऱ्या तिरप्या नळ्या आहेत, मातीला कातळाशी शिवणाऱ्या पोलादी सळ्या आहेत, आणि पावसाच्या आकड्यांवरून दरडीचा वेगळा इशारा निघतो. वादळे कमी झालेली नाहीत. दरडीचे बळी मात्र कितीतरी घटले आहेत. अर्थात हे दाट वस्तीच्या, पैसेवाल्या शहराला जमले. लांग नूसारख्या दुर्गम खेड्यामागच्या प्रत्येक डोंगराला सळ्या ठोकता येणार नाहीत, तेथे वेळेवर उठून जाणे एवढाच मार्ग राहतो. आणि हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ पेलते हे लक्षात घेता, उठून जाण्याचे प्रसंग वाढणार आहेत.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे ती बातमीच्या मांडणीपुरतीच. वाऱ्याच्या वेगाशेजारी पावसाचा आकडा द्यावा, आणि तो किती तासांतला ते आवर्जून द्यावे. ‘५०० मिलिमीटर पाऊस’ हे अर्धे वाक्य आहे. वादळाचा पुढे सरकण्याचा वेग द्यावा, कारण संथ वादळ डोंगराला अधिक भिजवते. आधीच्या आठवड्यात तेथे पाऊस झाला होता का, हे एका ओळीत सांगावे. भोवऱ्याचे चिन्ह नकाशावरून पुसले गेले तरी निदान चार-पाच दिवस डोंगराळ भागाची बातमी चालू ठेवावी. दरडीच्या बातमीत ‘निसर्गाचा कोप’ लिहिण्याआधी इशारा निघाला होता का, तो कोणापर्यंत पोहोचला आणि रात्री किती वाजता, हे विचारावे. आणि कोणी वाचले तर ते कसे वाचले याचीही बातमी करावी. यागीच्याच पावसात, लांग नूवर डोंगर आला त्याच्या आदल्याच दिवशी, त्याच लाओ काय प्रांतातल्या खो वांग नावाच्या वस्तीतला गावप्रमुख मागच्या डोंगरावर पाहणी करायला गेला. त्याला उताराला पडलेली लांब भेग दिसली. त्याने सतरा कुटुंबांतल्या ११५ माणसांना घरे सोडायला लावली आणि वरच्या सुरक्षित टेकाडावर नेऊन ताडपत्री-बांबूच्या आडोशाखाली ठेवले. संपर्क तुटल्याने काही काळ सगळ्यांना वाटत होते की ही वस्तीही गेली. ती सगळी माणसे जिवंत सापडली.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त अध्यापक